प्रित्झकर पुरस्कार आणि वीस घरांमागचा एक सेप्टिक टँक

माझी भाची आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे. दरवर्षी मार्च उजाडला की तिच्या वर्गाच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते, यंदाचं प्रित्झकर कोणाला? आपल्याकडे बारावीच्या निकालाची वाट बघतात तशी ही पोरं त्या नावाची वाट बघतात. दोन वर्षांपूर्वी ती सुट्टीत माझ्याकडे आली होती. मोबाइलवर विजेत्यांची यादी वरून खाली सरकवत तिनं सहज विचारलं, "मावशी, ह्यात आपलं कोण आहे गं?"

"आपलं" म्हणजे कोण, हे आपल्या घरांत समजावून सांगावं लागत नाही. मी भाकरी थापत होते. मान वर न करताच म्हणाले, "अगं, ती श्रीमंतांची भानगड आहे. आपला काय संबंध?"

ती काही बोलली नाही. मला मात्र रात्री झोप लागेना. मी समाजशास्त्रात एमए केलं तेव्हा वस्तीतल्या एका काकांनी माझ्या वडिलांना अगदी हेच सांगितलं होतं, की हे शिक्षण आपल्या लोकांचं नाही, पोरीला डीएड करू द्या. त्या काकांचा मला किती राग आला होता. आणि आता मीच काकू होऊन बसले होते.

म्हणून वाचायला घेतलं. आपल्या चळवळीत साहित्य, नाटक, सिनेमा, नोकरशाही, न्यायपालिका, सगळ्यांतल्या प्रतिनिधित्वावर आपण भरपूर लिहितो. घर कोण आखतं, गल्लीची रुंदी कोण ठरवतं, संडास घराच्या कोणत्या कोपऱ्यात जाणार हे कोण ठरवतं, यावर फारसं लिहीत नाही. खरं तर आपला सगळा इतिहास जागेचाच आहे. गावकुसाबाहेरचा, पाणवठ्यावरचा, देवळाच्या पायरीवरचा.

प्रित्झकर पुरस्कार 1979 साली सुरू झाला. शिकागोचं प्रित्झकर कुटुंब, हयात हॉटेलांचे मालक, त्यांच्या हयात फाउंडेशनमार्फत तो दिला जातो. रक्कम एक लाख डॉलर आणि एक ब्राँझचं पदक. पदकाच्या मागे तीन शब्द कोरलेले असतात. व्हिट्रुव्हियस नावाच्या जुन्या रोमन वास्तुतज्ज्ञापासून चालत आलेले ते शब्द आहेत, मजबुती, उपयोग आणि आनंद. पुरस्कार इमारतीला मिळत नाही, हयात असलेल्या वास्तुरचनाकाराला मिळतो. त्यासाठी नाव कोणीही परवानाधारक वास्तुरचनाकार सुचवू शकतो. हे वाचून मी थांबले. कोणी न विचारता, स्वतःहून नाव सुचवायचं तर परवाना हवा. माझे दाजी, म्हणजे भाचीचे वडील, 30 वर्षं गवंडीकाम करतात. त्यांच्या हाताखालून किती इमारती गेल्या याची गणती नाही. आपल्याकडेही 1972 चा वास्तुविशारद कायदा आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही. त्यामागची कारणं मला समजतात, उद्या कोणीही उठून इमारत आखायला लागला तर लोक मरतील. पण ज्ञान कोणाचं आणि अंगमेहनत कोणाची, ही विभागणी आपल्याला जरा जास्तच ओळखीची आहे. बाबासाहेब म्हणाले होते की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. बांधकामाच्या साइटवर जाऊन उभं राहा, हे वाक्य मजल्यामजल्यावर दिसतं.

यादी वाचायला लागले आणि पहिल्याच नावाला ठेच लागली. 1979 चा पहिला विजेता फिलिप जॉन्सन. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या वास्तुकला विभागाचा पहिला प्रमुख, अमेरिकेतला बडा माणूस. हाच माणूस 1930 च्या दशकात हिटलरच्या प्रभावाखाली होता. न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्याला तो हजर होता, अमेरिकेतल्या ज्यूद्वेष्ट्या राजकारणात उघड वावरत होता, आणि 1939 मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या तेव्हा त्यांच्या मागोमाग वार्ताहर म्हणून गेला होता. पुढे त्यानं याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. पण 1979 साली पुरस्कार देताना हा इतिहास कोणाच्या आड आला नाही. तो आड आला 2020 मध्ये, तरुण वास्तुरचनाकारांनी एकत्र येऊन संस्थांना पत्र लिहिलं तेव्हा. त्यानंतर हार्वर्डनं आपल्या ताब्यातल्या, जॉन्सननं विद्यार्थी असताना बांधलेल्या घरावरचं त्याचं नाव काढलं.

मग 1991. रॉबर्ट व्हेंचुरी यांना पुरस्कार मिळाला. त्यांची पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन त्यांच्या बरोबरीनं काम करत होती, पुस्तकं दोघांची, फर्म दोघांची. पदक एकट्याचं. 2013 मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी मोहीम काढली, हजारो सह्या जमल्या, खुद्द व्हेंचुरींनी सही केली. ज्युरीनं उत्तर दिलं की आधीच्या ज्युरीचा निर्णय आम्ही फिरवू शकत नाही. एका स्वतंत्र स्त्रीला हा पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो 2004 मध्ये, झाहा हदीद यांना. 25 वर्षं लागली. पहिला आफ्रिकी माणूस यादीत यायला 43 वर्षं लागली.

इथपर्यंत माझं काम सोपं होतं. मला हवा तो लेख तयार होत होता. भांडवलदारांचा पुरस्कार, गोऱ्या पुरुषांची यादी, विषय संपला. पण 2018 च्या नावानं घोळ घातला.

2018 मध्ये हा पुरस्कार पहिल्यांदा एका भारतीयाला मिळाला. बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, 1927 चा. घराणं फर्निचर बनवणाऱ्यांचं. शिक्षण मुंबईच्या जेजेमध्ये, मग पॅरिसला ली कॉर्बुझिएच्या हाताखाली, मग आयुष्यभर अहमदाबाद. गरिबातल्या गरिबाला नीट घर देण्याची शपथ आपण तरुणपणीच घेतली होती, असं ते सांगत. असं बोलणारे पुष्कळ असतात. पण दोशींच्या नावावर अरण्य आहे. इंदूरची वसाहत, साधारण 85 हेक्टर जागा, साडेसहा हजारांच्या आसपास घरं. यातले सुमारे 65 टक्के भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी होते. त्यांना बांधून तयार घर दिलं नाही. जोतं दिलं, संडास-मोरी दिली, पाणी आणि वीज दिली, आणि सांगितलं की पुढचं तुम्ही ऐपतीप्रमाणे वाढवा. कसं वाढवता येईल हे दाखवायला नमुन्याची 80 घरं बांधून ठेवली. सगळ्यात लहान भूखंड 35 चौरस मीटरचा. गरिबांना एका टोकाला ढकललं नाही, वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांना एकाच आखणीत बसवलं. अरण्यला 1995 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. तो व्यक्तीपेक्षा प्रकल्पाला दिला जातो, दर तीन वर्षांनी, आणि त्यात गवंडी-कारागिरांनाही मान्यता मिळालेली आहे. मला तो प्रित्झकरपेक्षा अधिक पटतो.

इंदूर म्हटलं की आपल्याला महू आठवतं. गेल्या वर्षी 14 एप्रिलला आमच्या वस्तीतून गाडी निघाली तेव्हा भाचीला म्हटलं, चल, बाबासाहेबांच्या जन्मभूमीला अभिवादन करू आणि तुझं अरण्यही बघू. महूला गर्दी होती, ऊन होतं, निळे फेटे होते, सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी इंदुरात उतरलो आणि रिक्षानं अरण्यला गेलो.

खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं चुकीच्या जागी आलो. भाचीच्या पुस्तकातल्या फोटोत बुटकी, छान जिने आणि ओटे असलेली घरं होती. समोर होती आपल्या कुठल्याही शहरात दिसतात तशी दोन-तीन मजली घरं, टाइल्स लावलेली, ग्रील लावलेली, खाली दुकान असलेली. भाची हिरमुसली. मी मात्र हळूहळू खूश होत गेले. लोकांनी दोशींचं ऐकलं होतं की! वाढवा म्हटलं, त्यांनी वाढवलं. आणि हिंडता हिंडता लक्षात आलं की गल्ल्या अजून शाबूत आहेत. अरुंद, सावलीच्या, एका टोकाला उघड्या जागेत निघणाऱ्या. ओट्यांवर बाया बसल्या होत्या, भाजी निवडत होत्या, पोरं खेळत होती. आर्किटेक्टची सही पुसली गेली होती आणि त्याची आखणी उरली होती.

एका ओट्यावरच्या बाईंनी पाणी विचारलं. बसलो. मी माझ्या सवयीनं विचारपूस सुरू केली. त्यांनी हे घर आधीच्या मालकाकडून विकत घेतलं होतं. आधी कोण राहत होते, ते कुठे गेले, हे त्यांना माहीत नव्हतं. मग मी तो प्रश्न विचारला जो महाराष्ट्रातून डोक्यात घेऊन आले होते. आगाखान पुरस्काराच्या माहितीत एक साधं वाक्य आहे, की प्रत्येक वीस घरांच्या गटासाठी एक सेप्टिक टँक आहे. वाचणारा पुढे निघून जातो. मी जाऊ शकले नव्हते. म्हटलं, "दीदी, पहले यहाँ टंकी थी ना? खाली कौन करता था?"

बाईंनी जरा विचार केला. "पता नहीं। कोई आते होंगे।"

कोई आते होंगे. या तीन शब्दांबद्दल मी त्या बाईंना दोष देत नाही, त्या नंतर आल्या होत्या. पण साडेसहा हजार घरांना वीसनं भागा. सव्वातीनशे टाक्या होतात. त्या टाक्या कोणीतरी उपसल्या असणार. कोणत्या समाजाच्या लोकांनी, हे विचारायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. मानवी मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा पहिला कायदा 1993 चा. अरण्य त्याच्या आधी आखलं गेलं. दुसरा कायदा 2013 चा आणि तरीही गटारात गुदमरून माणसं मरतात. दोशींचा हेतू निर्मळ होता असं मी धरून चालते. उघड्यावर बसावं लागणाऱ्या माणसाला घरात संडास मिळणं ही क्रांतीच होती, आणि त्या संडासाचा लाभ आपल्या बायांनाच सगळ्यात जास्त झाला असेल. पण आराखड्यात संडास होता आणि तो साफ करणारा माणूस नव्हता. मी अरण्यबद्दल जे जे वाचलं त्यात "उत्पन्न गट" हा शब्द पानोपानी सापडला. "जात" हा शब्द एकदाही सापडला नाही.

आता कोणी म्हणेल, ताई, तुम्हाला सगळीकडे जातच दिसते. मग जरा मागे जाऊ. घर आणि जात यांचा संबंध आम्ही लावलेला नाही, शास्त्रकारांनी लावलेला आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कोणत्या वर्णानं कोणत्या रंगाच्या मातीवर घर बांधावं ते दिलंय, कोणत्या वर्णाचं घर केवढं असावं तेही दिलंय. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं असा नियमच आहे. आणि आपल्या गावांत महारवाडा पूर्वेला का, असं आजीला विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, वारा मावळतीकडून येतो, आपल्या अंगावरून त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून. वाऱ्याची दिशा, पाण्याचा उतार, रस्त्याचं वळण, सगळ्याचा हिशेब करून गाव आखलेलं असतं. शतकानुशतकं न मोडलेलं डिझाइन आहे ते. पदकावरच्या तीन शब्दांपैकी मजबुती त्यात ठासून भरलेली आहे.

बाबासाहेबांना हे नेमकं दिसत होतं. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवाचे वाभाडे काढले ते आपण नेहमी सांगतो. पण त्याआधी, जुलै 1942 मध्ये, नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता. पुढे 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या स्वतंत्र गावांसाठी सेटलमेंट कमिशन मागितलं. पडीक सरकारी जमीन त्या कमिशनच्या ताब्यात द्यावी, नवी गावं वसवावीत. आपण ही मागणी फक्त राजकीय म्हणून वाचतो. ती नगररचनेची मागणी होती हे मला भाचीच्या पुस्तकांमुळे कळलं. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की गावाचा नकाशा तोच ठेवून माणसं बदलणार नाहीत, नकाशाच बदला. आणि हा माणूस नुसता मागण्या करणारा नव्हता. परळच्या बीआयटी चाळीतल्या खोल्यांत वर्षानुवर्षं काढल्यावर दादरला त्यानं स्वतःचं राजगृह उभं केलं, पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. घराची रचना कशी असावी याचा त्यांनी स्वतः अभ्यास केला होता.

दोशी म्हणतात, वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसं शेजारी ठेवा. बाबासाहेब म्हणत होते, आधी आम्हाला या गावाच्या दावणीतून सोडा, शेजाराचं नंतर बघू. यात कोण बरोबर? मला अजून ठरवता आलेलं नाही. आपल्याच स्वतंत्र वस्त्यांत राहून आपण सुरक्षित झालो आणि शहरांत त्याच वस्त्या "भीमनगर" म्हणून ओळखल्या जाऊन तिथे बँक कर्ज द्यायला कचरते, हेही पाहिलेलं आहे. तरुण मित्रांनी यावर लिहावं. मला वाटतं, हा आपल्या चळवळीतला अर्धवट सुटलेला वाद आहे.

भाचीच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीमाई आहेत आणि एक काळा माणूस आहे. दिएबेदो फ्रान्सिस केरे, 2022 चा विजेता. बुर्किना फासो देशातल्या गांदो गावचा. गावात शाळा नव्हती, म्हणून सात वर्षांचा असताना त्याला घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला जावं लागलं. तिथे वर्गात शंभरावर पोरं, सिमेंटच्या भिंती, भट्टीसारखी गरमी. पुढे सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर तो जर्मनीला गेला, बर्लिनमध्ये आर्किटेक्चर शिकला आणि शिकत असतानाच पैसे गोळा करून 2001 मध्ये गांदोत शाळा बांधली. मातीत थोडं सिमेंट घालून केलेल्या विटा, आणि पत्र्याचं छप्पर खोलीच्या वर अधांतरी उचलून धरलेलं, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. गावातल्या बायांनी जमीन चोपून गुळगुळीत केली, पोरांनी दगड वाहिले. मातीची शाळा म्हटल्यावर गावकरी आधी तयार नव्हते, मातीचं तर आपलंही घर आहे, मग तू परदेशात काय शिकलास, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार ओळखीचं वाटलं. आपल्या वस्तीतही मातीचं घर म्हणजे गरिबीची खूण आहे, स्लॅब पडला की माणूस माणसात आला असं आपण समजतो. गांधीवादी आर्किटेक्ट मंडळी मातीच्या घराचे गोडवे गातात तेव्हा माझं डोकं उठतं, कारण त्या मातीला पोतेरं कोण घालतं ते मला माहीत आहे. केरेनं मात्र लोकांचा हा नकार आधी ऐकून घेतला आणि मग भिंत उभी करून दाखवली. एक गोष्ट भाचीला मी मुद्दाम सांगितली, तो गावच्या प्रमुखाचा मुलगा आहे. गावातून शाळेत जाणारा पहिला पोरगा तोच का होता, हेही विचारायला हवं. ती चिडली माझ्यावर. "मावशी, कोणाला तरी आवडू दे की मला!"

2021 च्या विजेत्यांबद्दल मात्र आम्हा दोघींचं एकमत आहे. फ्रान्सचे ॲन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल. बोर्दो शहरात 1960 च्या दशकातल्या सरकारी इमारती होत्या, 530 घरं. अशा इमारती पाडून टाकायच्या, ही सगळीकडची रीत. या दोघांनी सहकाऱ्यांसोबत त्या पाडल्या नाहीत. प्रत्येक घराला बाहेरून काचेची प्रशस्त गॅलरी जोडली, घरं मोठी झाली, उजेड आला आणि काम चालू असताना माणसं आपापल्या घरात राहिली. कोणालाही संक्रमण शिबिरात जावं लागलं नाही.

मुंबईच्या माणसाला संक्रमण शिबिर हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिथे 500 फुटांचं घर मिळणार म्हटल्यावर लोकांनी हो म्हटलं तर मी त्यांना चूक कशी म्हणू? वरळीच्या त्या चाळींनी 1974 ची दंगल पाहिली, पँथर पाहिले, पण त्या आठवणींसाठी माणसानं सार्वजनिक संडासाच्या रांगेत राहावं असं मी म्हणणार नाही. प्रश्न पुढचा आहे. गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथला क्षयरोग आणि घरातल्या हवा-उजेडाचा अभाव यांचा संबंध अभ्यासातून पुढे आलेला आहे. त्या इमारतीसुद्धा कोणीतरी आर्किटेक्टनंच आखल्या, मंजूर केल्या, सह्या केल्या. त्यांना कोणी पुरस्कार दिला नाही आणि कोणी जबाबही विचारला नाही.

जाब विचारणारी ज्युरी आपल्याकडे नाही असं नाही. 1 जुलै 2024 ला नागपूरला काय झालं ते आठवा. दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम सुरू होतं. स्तूपाला धोका होईल म्हणून लोक जमले आणि काम बंद पाडलं. शिवदानमल यांनी रेखाटलेला तो स्तूप 1978 साली बांधायला घेतला आणि 2001 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्यात लोकांचा पैसा आहे, लोकांच्या पिढ्या आहेत. त्याच्या आवारात बदल करताना लोकांना विचारावं, एवढी साधी गोष्ट आराखडा करणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. त्या दिवशी जमलेल्यांत परवानाधारक किती होते कोण जाणे.

आता भाचीच्या प्रकल्पाकडे येते, कारण हा सगळा लेख त्यासाठीच लिहायला घेतलाय.

पाचव्या वर्षी त्यांना प्रबंध-प्रकल्प असतो. तिनं आमचीच वस्ती घेतली. काही पाडायचं नाही, बोर्दोसारखं आहे त्यालाच जोडत जायचं, अरण्यसारखी वाढायला जागा ठेवायची. तिनं चार महिने वस्ती मोजली. दाजी रविवारी टेप धरायला जायचे. भिंती तपासायला त्यांनी आपला ओळंबा दिला. कॉलेजच्या मशीननं ज्या भिंती सरळ दाखवल्या त्या ओळंब्यानं वाकड्या दाखवल्या, आणि ओळंबा बरोबर निघाला. तिनं एक वेगळी शीट केली. वस्तीतलं सांडपाणी कुठून कुठे जातं, चेंबर किती खोल आहेत, ते उपसायला कोण येतं, कोणत्या वाटेनं येतं, त्यांना पाणी कोणत्या घरातून मिळतं आणि कोणत्या घरातून नाही. हो, आपल्याही घरांतून नाही. त्या शीटचं शीर्षक तिनं दिलं होतं, "जात आणि चेंबर".

तिच्या कॉलेजात दरवर्षी एका प्रकल्पाची राष्ट्रीय पातळीवरच्या विद्यार्थी पुरस्कारासाठी शिफारस होते. मधल्या परीक्षणात तिचं काम पहिल्या तिघांत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कौतुक केलं, मग म्हणाले, "हे समाजशास्त्र झालं, यात डिझाइन कुठे आहे?" आणि गाइडनं नंतर बाजूला घेऊन प्रेमानंच सांगितलं, की शीर्षकातला तो शब्द काढ. "लो इन्कम ग्रुप" लिही. राष्ट्रीय ज्युरीपुढे वाद नको. मुद्दा तोच राहील.

ती रडत माझ्याकडे आली. मी भाषण ठोकलं. म्हटलं, अजिबात काढायचा नाही, अरण्यमध्ये तेच झालं, तो शब्द गाळला म्हणून तो माणूस गाळला गेला. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे पदवी आहे. मला अजून घ्यायचीय. माझी शिष्यवृत्ती दोन हप्ते अडकलीय. शीटच्या प्रिंटचे पैसे पप्पांनी उचल घेऊन दिलेत. हा पुरस्कार मिळाला तर मला चांगल्या ऑफिसात नोकरी लागेल. तू लेख लिहिशील आणि मोकळी होशील."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आताही नाही. दूर बसून पुरस्कारांची चिरफाड करणं आणि त्या पुरस्काराच्या दारात उभं राहणं यात फरक आहे. बाहेरून दार ठोठावणाऱ्या पोरीनं किती जोरात ठोठवावं हे मी कोण ठरवणार? दाजींना विचारलं. ते म्हणाले, "चेंबरची खोली बरोबर दाखवलीय ना तिनं? मग झालं." मला हे पटलं नाही. नाव न घेता खोली दाखवून काय उपयोग, असं मी म्हणाले. ते हसले आणि चहा प्यायला लागले.

शेवटी तिनं काय केलं ते परवा पाहिलं. शीर्षक बदललंय. आता तिथे इंग्रजीत "सांडपाण्याचा छेद" अशा अर्थाचं काहीतरी आहे. पण शीटच्या मधोमध तिनं एक नवा छेद काढलाय. सध्याचं चेंबर, जमिनीखाली सात फूट, आणि त्यात प्रमाणात काढलेला उभा माणूस. डोकं जमिनीच्या खाली. शेजारी तिचं नवं चेंबर. अडीच फूट खोल आणि तोंड इतकं लहान की त्यात माणूस उतरूच शकत नाही, हात आणि यंत्राचा पाइपच जाईल. उतार मिळावा म्हणून तिनं अख्ख्या वस्तीची लाइन नव्यानं आखलीय, चेंबरांची संख्या वाढवलीय, खर्चाचा तक्ता लावलाय. पहिल्या चित्रातल्या माणसाखाली, इतर शीटवर लोकांच्या आकृत्यांना असतात तशी, अगदी बारीक अक्षरांत नोंद आहे. त्यात आमच्या वस्तीत चेंबर उपसायला येणाऱ्या लोकांच्या जातीचं नाव आहे, ते कुठून येतात ते आहे, एका फेरीला किती पैसे मिळतात ते आहे.

"हे कोणी वाचेल का?" मी विचारलं.

"ज्युरीला भिंग देतात," ती म्हणाली. "अंतिम परीक्षण 22 तारखेला आहे. तू तेवढं ऱ्हस्व-दीर्घ बघून दे. प्रिंट उद्या सकाळी काढायचीय."